सात नंबरच्या नराचं बाळंतपण

ती. स्व. काकांना,

साष्टांग नमस्कार. (खरोखर आडवी पडून केलाय. पळालेला उंदीर कपाटाखाली शोधत होते, त्यातच उरकून घेतला.) गुडघे काय म्हणतात? काकूंचा राग उतरला का? पिंजऱ्यांतली प्रजा खुशाल असेलच. तुम्ही प्रयोगशाळांसाठी उंदीर वाढवता, पण लाड असे करता की इथे आल्यावर बिचाऱ्यांना सासरी आल्यासारखं वाटतं.

आमचे साहेब उंदरांना कोकेन टोचतात आणि मेंदूत कुठे उजेड पडतो ते यंत्रात बघतात. (आईला मी 'औषध' एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेवढंच सांगा.) गेली बारा वर्षं फक्त नर. का, तर म्हणे माद्यांचं चक्र चार दिवसांचं, रोज तऱ्हा वेगळी, त्यांच्या मेंदूचा काही भरवसा नाही. हे ते माझ्या तोंडावर म्हणतात, आणि कोकेनच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला!

तर या खेपेला तुमच्याकडून बारा नर मागवले. सहा मेंदू नेहमीसारखे उजळले आणि उरलेल्या सहांत भलतीकडेच लखलखाट. साहेबांनी आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग मेकॅनिकला बोलावून त्याला घातल्या, मग मला. मीच म्हणे उंदरांना काहीतरी भलतंसलतं खाऊ घातलं. ते सहाही निकाल 'बिघडलेले' म्हणून केराच्या टोपलीत गेले. आणि त्याच आठवड्यात सात नंबरच्या नराला अकरा पिल्लं झाली.

साहेब पिंजऱ्यापुढे उभे राहिले ते राहिलेच. अहो काका, वयात आलेला नर मागून पाहिला तर शंकेला जागाच नसते! पण यांनी बारा वर्षांत उंदराचा मेंदू सोडून काही पाहिलंच नाही. मग स्वतः ओणवे होऊन टोपलीतले कागद गोळा केले. आता माद्यांचा मेंदू निराळा चालतो हा शोध त्यांचा, आणि नरांत माद्या आल्या हा गुन्हा माझा. सोमवारी चौकशी आहे. नोकरी जाणार हे शिपायापासून सगळे आनंदाने सांगताहेत. मला रडू येतं, आणि त्याहून जास्त चीड येते.

बाकी सर्व ठीक. काकूंना नमस्कार.

तुमची लाडकी पुतणी

ता. क. १ : पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. 'सहा माद्या चुकून माझ्याकडूनच पेटीत गेल्या' असं सही करून सोमवारच्या आत पाठवाल ना?

ता. क. २ : तुम्ही लालबुंद झाला असाल. कबूल, तुमच्या पेटीत बाराच्या बारा नरच होते. साहेब माद्यांच्या मेंदूचा भरवसा नाही म्हणाले त्याच दुपारी त्यातल्या सहांची शेजारच्या खात्यातल्या सहा माद्यांशी मीच अदलाबदल केली. (ते खातं झोपेवर संशोधन करतं. त्यांना अजून पत्ता नाही.)

ता. क. ३ : मी खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही खोटं लिहिलंत तर तुमचं नुसतं नाव जाईल, आणि तुम्हाला नावाने ओळखतं कोण? सगळे 'उंदीरवाला'च तर म्हणतात.