खिळ्याला घातलेली माळ

३ नोव्हेंबर २०२५, नगर

आज वॉर्डात पुन्हा तसाच पेशंट. पित्ताच्या नळीत खडा, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, अर्ध्या तासात खडा बाहेर! परवा घरी जाईल. माझा भाऊ अजिनाथही असाच आला होता — पण गावच्या वैदीण गोजरबाईची काविळीची माळ वीस दिवस घालून. तोवर नळीत पू झाला होता, अंगभर भिनला होता. मला फोन आला तोच विसाव्या दिवशी. लिव्हरच्या दवाखान्यात नर्स मी, आणि माझाच भाऊ माळेपायी गेला!

गोजरबाईला सोडणार नाही.

४ नोव्हेंबर

पाथर्डीहून आईचा फोन. 'सोडू नको त्या सटवीला, धने.' नाही सोडत.

९ नोव्हेंबर

सुट्टी. तोंडाला स्कार्फ बांधून गोजरबाईकडे गेले. नवऱ्याला कावीळ झालीय म्हणाले — लग्न कुठलं झालंय माझं! लगेच दोऱ्यात गाठी मारून बांधलेल्या मुळ्यांची माळ दिली. 'जशी कावीळ उतरंल तशी माळ लांबंल.' खोलीवर आणून खिळ्याला घातली.

१३ नोव्हेंबर

वीतभर लांबली! म्हणजे खिळ्याची कावीळ उतरली! गाठी सैल मारलेल्या, मुळ्या वाळल्या की दोरा सुटतो, एवढीच करामत. रोजचे फोटो काढलेत. पोलिसांसाठी तक्रार लिहिली, तीन पानं. आख्ख्या गावासमोर रडवीन तिला. अजिनाथ खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाला होता. तिचंही तसंच वाटोळं होवो!

१६ नोव्हेंबर, पाथर्डी

उद्या तक्रार देणार. त्याआधी तिला तोंडावर सुनवायला गेले. स्कार्फ सोडला. म्हटलं, मी अजिनाथची बहीण. वाटलं, पाया धरेल. ती शांतपणे म्हणाली, 'तिसऱ्याच दिशी म्या सांगितलं हुतं — शी पांढरी व्हतीय, ही माज्या माळंची कावीळ न्हाई, पोराला मोठ्या दवाखान्यात न्या.'

कुणाला सांगितलंस?

'तुज्या आईला.'

खोटारडी! आता तर मुळीच सोडत नाही!

१७ नोव्हेंबर

सकाळी आईला विचारलं. भाकरी थापता थापता थांबली. 'तुला कळवलं असतं तर पोट फाडायला नेलं असतंस त्याला. मला भ्या वाटलं.' भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, 'तक्रारीत माझं नाव घाल.'

मी पेन घेतलं.