खोक्यातली चार

२७ जुलै
दीपमालेनं गोधड्यांची पेटी उघडली. आत उंदराची चार पिल्लं! गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांची आई सकाळीच मांजराच्या तोंडात दिसली होती.

हे म्हणाले, "परसात टाकून ये."

"न्हाई, बाबा."

पोर पंचमीला माहेरी आली आहे. तिसरा महिना. मागच्या वर्षी पाचव्यात गेलं. तेव्हापासून एवढ्या ठामपणे काही बोलली नव्हती. मग हळूच — "ही जगली तर माझंही राहील."

असलं बोलू नये, म्हटलं. पण बोलून झालं होतं.

२८ जुलै
जनावरांचे डॉक्टर सोमेश — माझा विद्यार्थी. फोनवर आधी हसला. "मॅडम, लोक मारायचं औषध विचारतात!" दीपमालेचं सांगितलं, तसा गंभीर झाला. उंदराच्या लघवीतून, लेंड्यांतून आजार होतात. काही पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. तिनं हात लावायचा नाही, त्या खोलीत यायचं नाही. पेटी कोरडी झाडायची नाही, जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्यानं पुसायची. मला हातमोजे, मास्क. शेळीचं कोमट दूध, ब्रशच्या टोकानं थेंब थेंब. पाजून झालं की ओल्या कापसानं पोट पुसायचं, नाहीतर त्यांना लघवी होत नाही.

"गाईचं देऊ नका. आणि मॅडम, एवढी लहान क्वचितच जगतात."

शेवटचं तिला सांगितलं नाही. पेटी तिनंच उघडलेली, म्हणून तिच्या डॉक्टरीणबाईंनाही कळवलं. लक्ष ठेवा, म्हणाल्या.

पिल्लं खोक्यात, खोकं माझ्या खोलीत. दीपमाला दाराबाहेर पाटावर. "आई, प्यायली का?"

२९ जुलै, पंचमी
तवा नाही, विळी नाही. मी दिंडं उकडत होते. ह्यांनी वारुळाहून उरलेलं दूध आणलं आणि पिल्लांना पाजलं! गाईचं, गार. "नागोबा तर पीत न्हाई. सणाचं हाय, ह्यायच्या बी तोंडाला लागू दे."

मायेनं पाजलं.

३० जुलै
पोटं फुगली. दुपारी दोन गेली. ह्यांनी परसात खड्डा केला. बराच वेळ तिथून उठले नाहीत. "पोरीला सांगू नको."

दाराबाहेरून दीपमाला — "चारी हायेत?"

"आहेत."

१ ऑगस्ट
एक उरलं. "डोळे उघडले का गं?" अजून वेळ आहे, म्हटलं.

२ ऑगस्ट
खोकं रिकामं.

५ ऑगस्ट
दूध कोमट करते. हातमोजे घालते, दार लोटून आत बसते. दूध मोरीत ओतते. बाहेर येऊन सांगते — वाढतायत, अंगावर लव आली. ती नीट जेवते आहे. परवा मागून भात घेतला! खोटं बोलणं जड जात नाही, याचंच नवल.

८ ऑगस्ट
"थोरलं कोणतं?" विचारलं तिनं. पाठीवर काळसर आहे ते, म्हटलं.

११ ऑगस्ट
जावई न्यायला आले. शिरूरकडची गाडी लागली होती. चढता चढता ती वळली.

"आई, आता दूध तापवत बसू नको."

मी तिची पिशवी आत सरकवली.

"आवाज कवाच बंद झाला होता. तू आत बसायचीस, मी बाहेर. तुझ्यासाठी इचारत होते."

"मग तू म्हणाली होतीस ते…"

"ती पिल्लं होती, आई. हे माझं हाय."