कडी-कोयंड्याचा ब्लॉग

३ जून, सोमवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावून कंपनीच्या वेबसाइटवर ब्लॉग सुरू करायला सांगितलं. दर सोमवारी एक लेख. बावीस वर्षं डिस्पॅचमध्ये कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्यांची खोकी रवाना केली, पण गुण लपत नाहीत. मालक म्हणाले, सध्या तुमच्याकडेच काम कमी आहे. थेट स्तुती करणं त्यांना जमत नाही.
संकल्प: रोज पाचशे शब्द. वर्षअखेर पुस्तक.

५ जून
सर्व्हिसचे मिस्त्री टेबलापाशी आले. बाथरूमची कडी अडकली तर काय करायचं ते लिहा म्हणाले, लोक तेच विचारतात. साहित्य आणि माहितीपत्रक यांतला फरक त्यांना समजावला. चहा संपवून गेले.

१० जून, सोमवार
पहिला लेख टाकला. 'अडकणे: एक चिंतन'. चौदाशे शब्द, आणि कडीचा उल्लेख एकदाही नाही. कारागिरी म्हणतात ती हीच.
पानावर माझा फोटो बसेना, म्हणून खालचा सर्व्हिसचा फोन नंबर काढला. नंबर काय, कुठेही मिळतो.

११ जून
वाचक सदतीस. त्यातले एकतीस मीच. उरलेले सहा मात्र अस्सल.
हिला वाचायला दिला. अर्धा वाचून इस्त्रीला लागली. डोळ्यांवर ताण येतो म्हणाली. म्हणजे लेखाला वजन आहे.

१७ जून, सोमवार
आज दुसरा लेख द्यायचा होता. दिला नाही. प्रतिभा काय सोमवार बघून येते? शिवाय ऑफिसातली खुर्ची करकरते. अर्ज दिला आहे.

१९ जून, सकाळी ११.१०
पहिली प्रतिक्रिया. 'आई आत अडकली आहे. कडी सरकत नाही. काय करू?'
अंगावर काटा आला. प्रत्येकाच्या आत कुणीतरी अडकलेलं असतं, असं मी लेखात म्हटलं होतं. या वाचकाच्या आत आई आहे. आणि कडीची प्रतिमा त्याने स्वतःहून आणली. उत्तर दिलं: 'घाई करू नका. तिला तिच्या वेळेने मोकळं होऊ द्या.'

११.२५
पुन्हा तोच. 'अर्धा तास झाला. आई चिडली आहे. फोन नंबर द्या.'
लेखकाने वाचकापासून अंतर ठेवावं. लिहिलं: 'आपली भेट शब्दांतूनच होऊ दे.'

११.४०
मिस्त्रींना बोलावून दोन्ही प्रतिक्रिया दाखवल्या. त्यांनी वाचल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या. मग मला न विचारता माझ्याच कीबोर्डवर दोन बोटांनी 'पत्ता?' असं टाइप केलं. उत्तर येताच हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवरून गेले.
माझा वाचक पळवला. मत्सर, दुसरं काय.

२० जून
एक आजी आल्या. सत्तरीच्या. बरोबर मुलगा, आणि रुमालात बांधलेली आमचीच कडी. लेख लिहिणारे तुम्हीच का, असं विचारलं. मी उठून उभा राहिलो.
मुलाने सांगितलं ते असं. कडी अडकली, नंबर सापडेना, तेव्हा उपाय लेखातच कुठेतरी असेल म्हणून त्याने तो बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून मोठ्याने वाचायला घेतला.
माझं जाहीर वाचन. राहवलं नाही, आजींना विचारलं, कसा वाटला.
"तिसऱ्या परिच्छेदाला मी बादली उलटी घातली, तिच्यावर चढले आणि खिडकीच्या काचा काढायला लागले," आजी म्हणाल्या. "मिस्त्री आले तेव्हा निम्मी बाहेर होते."
म्हणजे लेखाने माणूस हलला. हे किती जणांना साधतं?
मनगटावर पट्टी होती. बरीच मोठी. तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

२१ जून
मालकांपुढे बाजू मांडायला सहा मुद्दे लिहून नेले. पहिल्याच मुद्द्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाई पडल्या असत्या तर?"
उरलेले पाच मुद्दे खिशात आहेत. तसूभरही मागे हटलेलो नाही.
लेख काढला. फोटोही.

२४ जून, सोमवार
आजचा लेख मिस्त्रींचा. सहा ओळी. दार हँडल धरून वर उचला, कडीला साबण घासा, हळू सरकवा, वगैरे. ना सुरुवात, ना शेवट, ना दृष्टी. वाचक चारशे बारा. लोकांची अभिरुची कुठे चालली आहे ते यावरून कळतं.
माझ्याकडे फक्त तपासायला आला होता. एक वेलांटी सुधारली. त्या वेलांटीशिवाय लेख उभा राहिला नसता.
खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर दिला आहे. माझ्या टेबलावरचा. मिस्त्री बाहेर असतात, त्यामुळे फोन मी घ्यायचे, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला विचारू नये.

१ जुलै, सोमवार
लिहिणं सोडलेलं नाही. वेळ मिळत नाही, एवढंच. आज एकोणीस फोन. प्रत्येकाला आधी विचारतो, माझा जुना लेख वाचला होतात का. सतरा जण नाही म्हणाले, एकाने फोन ठेवला.
शेवटच्या बाईंचं दोन वर्षांचं मूल आत होतं, आणि बाहेरची कडी अडकलेली. मला तेवढा प्रश्न विचारायचंही सुचलं नाही. साबण आणा, दार वर उचला, आणखी थोडं, आता सरकवा. कडी निघाली. बाईंनी मुलाला उचललं असावं, रडणं फोनच्या अगदी जवळ ऐकू आलं. मग त्यांनी माझं नाव विचारलं.
पूर्ण नाव सांगितलं. पुढे 'लेखक' जोडलं.
बाई म्हणाल्या, एवढं लक्षात राहायचं नाही. 'कडीवाले काका' म्हणून सेव्ह करते.