मामा घाण्यात

१२ जानेवारी, सकाळ
माफ कर, वही. नवरात्रापासून एक ओळ लिहिली नाही. आळस नव्हे. खरं तर थोडा आळसच; पण मुख्य कारण दुःख. केतकीने माझ्या गोष्टींना होंकारो देणं बंद केलंय. आमच्या गोंडलमध्ये ऐकणारा वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणाला नाही, तर गोष्ट पुढे सरकत नाही. माझी ‘शहाणी मुंगी’ सुरुवातीलाच अडली. लेक आठ वर्षांची. म्हणाली, “पप्पा, यात कुणी मरत का नाही?”
संकल्प: लोककथा वाचून शैली शिकणे.

१५ जानेवारी
काल उत्तरायण. सगळे गच्चीवर पतंग काटून ‘काप्यो!’ ओरडत होते, मी खाली वाचत होतो. तिथेही कापाकापीच. सावत्र आई मुलीला उखळात कांडते, राजा राणीला जिवंत पुरतो, आणि सगळं एकेका वाक्यात. विशेषण नाही, पश्चात्ताप नाही. मी मुंगीच्या मनःस्थितीवर दोन पानं घालवली होती.
मला डास मारतानाही वाईट वाटतं. पण कलेपुढे इलाज नाही.

१८ जानेवारी
राक्षसाचं मुंडकं उडवलं. मग राहवलं नाही; परत चिकटवून त्याला माफी मागायला लावली. केतकी म्हणाली, “मग उडवलंत कशाला?” होंकारो नाही.
शैली जवळजवळ जमली आहे.

१९ जानेवारी, दुपार
चूक सापडली. लोककथेतला दुष्ट घरातलाच असतो. म्हणून मामा घेतला. माझ्या बायकोचे, रमिलाचे, भाऊ वजुभाई; जेतपूरला त्यांचा तेलाचा घाणा आहे. राणीने मामाला घाण्यात घातलं. बैल फिरला. आधी बोटं गेली, मग कोपर, मग मिशी. तेल निघालं. त्यात पुऱ्या तळल्या. केतकी: हं! हं! हं!
रमिला लाटण्यासकट आली. “भरदिवसा गोष्ट? दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, एवढंही तुमच्या आईने शिकवलं नाही? उद्या माझा भाई येतोय!”
मी अंधश्रद्धेवर थोडं बोललो. लाटणं खांद्याला लागलं.

२० जानेवारी
वजुभाई सकाळी स्कूटरवर निघाले. पोचलेच नाहीत. फोन बंद. केतकी म्हणाली, “तुम्ही मारलंत मामाला.” मग माझ्याशी बोललीच नाही. जेवलीही नाही. पुऱ्या होत्या.
निव्वळ योगायोग. तरी फाटकापर्यंत बऱ्याच फेऱ्या झाल्या.

२१ जानेवारी
सापडले. नव्या बायपासवर चुकून भलत्याच गावात शिरले. तिथल्या लोकांनी म्हैसचोर समजून कुटलं. बोटं सुजलेली, कोपर मोडलेलं, मिशी अर्धी उपटलेली. माझाच क्रम! असं मी मोठ्याने म्हणालो, ते म्हणायला नको होतं. रमिलाने त्यांना सगळं सांगितलं. वजुभाईंनी धड हाताने माझ्या थोबाडीत दिली. “जिजाजी, अख्खं गाव तुटून पडलं, पण माझ्या तेलात पुऱ्या नाही तळल्या कुणी!”
केतकी अजून बोलत नाही.

२२ जानेवारी
दिवे लागल्यावर केतकीने मामाला गोष्ट सांगितली. एक बाप होता. तो दिवसा गोष्टी सांगायचा. राजाने त्याची जीभ कापली. कुत्र्याला घातली. कुत्र्याने खाल्ली नाही.
एकही विशेषण नाही. शैली माझ्याकडूनच घेतली, हे उघड आहे.
वजुभाई हसता हसता प्लास्टर धरून कळवळले. तेवढ्यात केतकी थांबली. दोन दिवसांनी प्रथमच माझ्याकडे बघून म्हणाली, “पप्पा, होंकारो कोण देणार?”
दिला.
म्हणाली, “मोठ्याने. ‘हं’ म्हणायला जीभ लागत नाही.”

उद्या: गोष्टीसाठी दिवेलागणीच्या आत घरी पोचणे.