पाटावर मांडलेले स्केट्स

फ्लॅट बुश, ऑकलंड
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजला बाबाचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून आईला काही झालं की काय, असं तुझ्या मनात आलं असेल. ती ठणठणीत आहे. आत्ता सँडरिंगहॅमच्या दुकानांत भाजणीच्या शोधात गेली आहे, म्हणून टेबल माझ्या ताब्यात आहे. मीही बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण सदुसष्टाव्या वर्षी तेवढा हक्क त्याला आहे. वारा नेहमीसारखाच, गेल्या आठवड्यात मागच्या कुंपणाची एक फळी घेऊन गेला.

तू दहा वर्षांचा होईपर्यंत पुण्यात मराठी शाळेत होतास, तेव्हा हे वाचता येईल. कुठं अडलं तर आईला विचार, असं लिहिणार होतो. पण हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही, तेव्हा जमेल तसं वाच.

पंधरवड्यापूर्वी तुझा फोन आला तेव्हा आईचे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. मी तिथंच पेपर वाचत होतो. नोव्हेंबरअखेर फ्रान्सचा क्लब तुला मोकळं करणार, हे मी ऐकलं. मग एक तर रोमानियात मार्चपर्यंत आणखी एक टीम, नाहीतर बॉटनीच्या बर्फाच्या रिंकवर मुलांचा कोच म्हणून घरी परत, हेही ऐकलं. आणि मग तू विचारलंस, "मी घरीच राहिलो तर बाबांना चालेल का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेलो. बाहेर पाऊस पडत होता.

तेहतीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घराबद्दल असं विचारावं लागतं, याची लाज वाटली. तुझी नव्हे, माझी. पण ते तोंडातून येईना. म्हणून मला सुचलं ते केलं. त्या बुधवारी खंडेनवमी होती. गॅरेजमध्ये वरच्या फळीवर तुझे शाळेतले काळे स्केट्स होते, ते काढले, पुसले आणि पूजेच्या पाटावर मांडले. माझी मोजपट्टी, लॅपटॉप, आईची शिवणाची कात्री, गाडीची किल्ली आणि मधोमध तुझे स्केट्स.  आईनं झेंडूची दोन मोठी फुलं निवडून त्यांच्यावर ठेवली.

तुला आठवत असणारच. तू चौदा वर्षांचा होतास. तूच ते स्केट्स आणून पाटाच्या कडेला ठेवले होतेस, आणि मी म्हणालो होतो, "ज्यावर पोट चालतं त्याची पूजा असते. खेळणी गॅरेजमध्ये." शेजारच्या नितीशच्या घरची सगळी मंडळी पूजेला बसली होती. तू स्केट्स उचललेस आणि गेलास. त्यानंतर एकाही खंडेनवमीला तू पूजेला बसला नाहीस. प्रॅक्टिस आहे, म्हणायचास. मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

आता माझी फजिती ऐक. पंचवीस वर्षं मी काँक्रीटमधलं लोखंड गंजतं कसं, यावर रिपोर्ट लिहिले. त्याच माणसानं पोलादी पात्यांवर पळीनं पाणी शिंपडलं, ओली फुलं ठेवली, आणि दसऱ्याच्या श्रीखंडावर ताव मारून सगळं विसरून गेला. रविवारी फुलं उचलली तर पाती तांबडी झालेली. आई हसून हसून खुर्चीत बसली. मग मी स्केट्स पिशवीत घातले आणि बॉटनीला गेलो.

तुझ्या सगळ्या लहानपणात मी त्या रिंकच्या दारातून आत गेलो नव्हतो. तुला आईच नेत असे. मला वाटायचं, मी गेलो नाही तर तुझं वेड आपोआप उतरेल.

धार लावणारा अजून तोच आहे, पांढऱ्या दाढीचा. त्यानं गंज बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे किशचे ना? म्हणजे तुझे. टाचेला तू काहीतरी कोरून ठेवलंयस म्हणे. मी सांगितलं, मी त्याचा बाप. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "सॉरी मेट, आम्हाला वाटायचं, किशला वडील नसावेत."

त्यात काही टोमणा नव्हता. नंतर त्यानं मला भिंतीवरचा फोटो दाखवला. तुमची टीम, कडेला संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन उभी असलेली तुझी आई. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. तो मशीनवर पाती घासत होता, त्यामुळे माझ्याकडे बघायला त्याला सवड नव्हती, हे बरं झालं.

आता आणखी एक, जे आईलाही पुरतं माहीत नाही. तुझ्या संध्याकाळच्या मॅचेस इथं सकाळी सातला दिसतात. डेन्मार्कपासून मी त्या बघतोय. आठ वर्षं. आवाज बंद करून, चहा करता करता. तुझे एकोणीस गोल आहेत, त्यातले बारा मी पाहिले. पण मला गोल आठवत नाहीत. पोलंडमधली ती मॅच आठवते. शेवटचं मिनिट होतं, तू त्या चेंडूच्या, म्हणजे पकच्या आडवा पडलास, तो पायावर बसला. तुला उठता येईना. मग एका पायावर उठलास आणि पुन्हा गोलसमोर जाऊन उभा राहिलास. इकडे दूध उतू गेलं. मी मोठ्यानं "ऊठ, ऊठ" म्हणत होतो, आणि आई दारात उभी होती.

माझी बरीचशी नोकरी रिटेनिंग वॉल बांधण्यात गेली. भिंत डोंगर धरून उभी असते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. तू तेच काम करतोस, सहा देशांत, सात टीमसाठी, आणि इतक्या वर्षांत इथला एक धड उन्हाळा न बघता. ते खेळणं नव्हतं रे. मी चुकलो. हे मला त्या दिवशी दुधाचा ओटा पुसताना कळलं होतं, आणि तरी गणपतीत कुणी तुझ्याबद्दल विचारलं की मी "युरोपात स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे" असंच सांगत राहिलो. काल नितीशनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "आइस हॉकी खेळतो. तोच त्याचा व्यवसाय आहे." तो म्हणाला, हे आधी का नाही सांगितलं काका, माझ्या मुलीला शिकायचंय. घे, तुझी पहिली विद्यार्थिनी.

पण तिच्यासाठी म्हणून येऊ नकोस, आणि माझ्यासाठीही नको. पायांत अजून एक हिवाळा असेल तर रोमानियाला खुशाल जा. मी सकाळी उठतोच. मात्र यायचं मनात असेल तर "चालेल का" हा प्रश्न या घरात पुन्हा विचारू नकोस. तुझ्या खोलीतून माझं व्यायामाचं सायकल-यंत्र मी हलवलं आहे. तसंही त्यावर कपडेच वाळत होते.

स्केट्स चकचकीत होऊन आले आहेत. ते पाटावरच आहेत. पाट किती दिवस अडवून ठेवणार, असं आई विचारते. मी सांगितलंय, ज्यानं उचलून नेले होते तोच येऊन हलवेल, मार्चमध्ये का असेना.

पत्र पोचलं की फोन कर. आई उचलेल. तिला म्हण, बाबांना दे. या वेळी मी कुंड्यांना पाणी घालायला जाणार नाही.

तुझी वाट बघणारा,
बाबा