एप्रनच्या खिशातला हात

९ सप्टेंबर, मंगळवार

झालं! नाव लिहूनसुद्धा झालं. अट्राक्टा माझ्या मटणाच्या दुकानात आली, वही काउंटरवर आपटली आणि म्हणाली, "मॅलकी, क्लबच्या नाचाच्या स्पर्धेला दहा जोड्या हव्यात. नववी तुझी." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर — "मुलींचा संघ पावसात गाड्यांच्या आड कपडे बदलतोय, त्यांच्या खोलीसाठी पैसे जमवायचेत, आणि तुला नाचायची लाज वाटते होय रे?" ती क्लबची सेक्रेटरी. तिच्यापुढे बिशपचंही काही चालत नाही.

तेवढा वेळ माझा उजवा हात एप्रनच्या खिशात फडफडत होता. तिनं पाहिलं नसावं. देवा, पाहिलेलं नसू दे.

नाच गावच्या हॉटेलात, सहाशे माणसं जमतात तिथं. त्यांच्यापुढे मी — जाइव्हच्या गिरक्या घेणार!

११ सप्टेंबर

गॉलवेच्या डॉक्टरनं मार्चमध्येच सांगितलं होतं, रोज लिहा, मोठ्या अक्षरात. कंपवातात अक्षर बारीक होत जातं म्हणे. मागचं पान उघडून पाहिलं. सुरुवात बरी, शेवटी नुसत्या मुंग्या.

१६ सप्टेंबर

पहिली तालीम, चर्चच्या हॉलमध्ये. माझी जोडीदार डिम्प्ना, पोस्टवाली. जीभ अशी की पाकीट उघडायला सुरी नको. "तुझ्याबरोबर नाचण्यापेक्षा फ्रिज ढकलणं सोपं," म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. तिच्या हातात माझा डावा हात दिला, उजवा पाठीमागे. "दुसरा कुठं गहाण टाकलास?" मग द्यावा लागला. घट्ट धरला, बस.

हॉलच्या भिंतीवर अजून तो फोटो आहे. चौऱ्याण्णवची क्लबची फायनल, गोलमध्ये मी, चेंडू मुठीत. मॅलकीच्या हातून माशी सुटत नाही, म्हणायचे लोक. आज तालमीत चहाचा कप सुटला.

२० सप्टेंबर, शनिवार

आज पुन्हा तेच. खिमा, खिमा, सॉसेज, खिमा!

मिसेस टूही चौऱ्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं दर शनिवारी दोन चॉप्स — जाड, हाडासकट, "आणि चरबी काढलीस तर बघ!" ईस्टरपासून मात्र फक्त खिमा. फादर किनेनसुद्धा! "जरा मीटबॉल करीन म्हणतो, मॅलकी." हा माणूस आयुष्यात अंडं उकडू शकलेला नाही!

मला कळतं सगळं. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुकान तुडुंब भरलेलं, मी मेंढीची मांडी सोलत होतो, आणि सुरी निसटून अंगठ्यात गेली. पांढऱ्या फरशीवर रक्त. मिसेस टूही रांगेत पहिल्याच होत्या. "घाम होता हाताला," म्हणालो मी. तेव्हापासून माझ्या हातचा कापलेला तुकडा कुणाला नको. स्वतःचंच बोट कापणाऱ्या खाटकावर कोण भरवसा ठेवील? तोंडावर बोलत नाहीत, एवढंच. आजोबांचं दुकान, बापाचं दुकान — आणि बुडवणारा मी.

३० सप्टेंबर

तालमीत पाय चिकटले. मधोमध. संगीत चालू, बाकीच्या जोड्या गरागरा फिरताहेत, आणि मी खांब. हलायचं म्हणतोय, पण पाय ऐकतच नाहीत.

डिम्प्ना ओरडली नाही. खांदे धरून मला डोलवायला लागली. "डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. आता टाक पाऊल." आणि पाय सुटले! मी विचारलं, हे कुठं शिकलीस? "पोस्टात. पेन्शनच्या रांगेत."

७ ऑक्टोबर

मेंढीची अख्खी मांडी आज फेकली. कुणी घेतलीच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाटी लिहिली. "दुकान कायमचं बंद. आजवरच्या लोभाबद्दल आभार." चार वेळा लिहावी लागली, अक्षरं शेवटाकडे आक्रसतात. नाच झाला की लावायची. क्लबला दिलेला शब्द मोडायचा नाही.

आणि मग? मग काय! वरच्या खोलीत मी आणि टीव्ही. सत्तावन्न वर्षांचा आहे. सुरी सोडून मला काही येत नाही. सकाळी नऊला दाराची घंटा वाजते, कुणीतरी हवापाण्याला नावं ठेवत आत येतं — तेवढाच माझा संसार. दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडलो. या वहीला तोंड नाही, म्हणून लिहितोय.

२४ ऑक्टोबर

डिम्प्नानं नाचाचा कोट आणून दिला. चकचकीत जांभळा, वांग्यासारखा. आणि उजवा खिसा शिवून टाकलाय! "कोटाला फुगवटा येतो," म्हणाली. उसवायला बसलो. हात इतका थरथरला की कात्री धरता येईना.

२७ ऑक्टोबर, सोमवार, सुट्टी

काल नाच झाला. नीट लिहितो.

नववी जोडी. निवेदकानं नाव पुकारलं, सगळं हॉटेल ओरडलं. आम्ही मधोमध गेलो. संगीत सुरू झालं, आणि पाय चिकटले. सगळे दिवे माझ्यावर. उजवा हात बाजूला लोंबतोय, फडफडतोय, आणि लपवायला खिसा नाही. सहाशे माणसं एकदम गप्प झाली. वाटलं, आत्ताच्या आत्ता मरण येईल तर बरं.

डिम्प्नानं खांदे धरले. डावीकडे, उजवीकडे. काही होईना. तेवढ्यात पुढच्या टेबलावरून अट्राक्टा उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. ठेक्यात, सावकाश, एक-दोन, एक-दोन. मग तिचं टेबल. मग मागची. मग सगळा हॉल! कुणीतरी मागून ओरडलं, "सोडू नको, मॅलकी!" — चौऱ्याण्णवला ओरडायचे तसंच. आणि पाऊल पडलं. दुसरं पडलं. मी नाचलो! चुकत चुकत, घाम गाळत, पण शेवटच्या ठोक्यापर्यंत. संगीत होतं तोवर हातही गप्प होता.

आमचा सातवा नंबर आला. मुलींची खोली होणार, म्हणतात.

पण आता सगळ्या गावानं पाहिलं. खाटकाचा हात थरथरतो. आता खिम्यालाही कुणी यायचं नाही. उद्या नऊला पाटी.

२८ ऑक्टोबर

पाटी घेऊन दार उघडलं, तर मिसेस टूही उभ्या. "एक पौंड खिमा दे रे." माझा तोल सुटला. "चाळीस वर्षं चॉप्स खाल्लेत ना? मग आता काय बिघडलं माझ्या हातच्या चॉप्सचं?" म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "खिमा मला मुळीच आवडत नाही, बाळा. गावात कुणालाच आवडत नाही. पण तो यंत्रातून निघतो, तुला सुरी धरावी लागत नाही ना."

खिमा बांधून दिला. उजव्या हातानं.