ऑस्करच्या टाकीत कोण राहील

मावशी, बाबांनी तुला उमरीहून लग्न करून आमच्या घरी आणलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तुझ्याशी बोलायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आता तुझ्याशी बोलायची गरज पडली, तर तू नाहीस. मुदखेडच्या ज्या रेल्वे क्वार्टरमध्ये तू मला वाढवलंस, तिथं आता दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात, त्यामुळं हे पत्र टाकायचा प्रश्नच येत नाही. पण विचारायचं तुलाच आहे, कारण ह्या कामातली जाणकार बाई माझ्या ओळखीत दुसरी नाही. मी लग्न करायचं ठरवलंय, ह्या वयात. हस तू खुशाल. माणूस माझ्याच ऑफिसातला, इथं लातूरचाच. त्याची बायको आजारपणात गेली. त्याला अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि मी त्याला सांगून टाकलंय की पोरगी मनापासून हो म्हणाली तरच मी त्या घरात राहायला येईन. तो म्हणाला, म्हणेल की, त्यात काय. बापांना सगळं सोपंच वाटतं.

पोरगी मला 'तुम्ही' म्हणते आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी देते. इतकी रीतसर वागते की मला तपासणीला आलेल्या साहेबासारखं वाटायला लागतं. तिच्याकडं माशांची एक टाकी आहे, चांगली लांबरुंद, आई गेल्यावर बापानं आणून दिलेली. तिच्यात एकच मासा, ऑस्कर. अजून पिल्लूच आहे, माझ्या अंगठ्याहून जरासा मोठा, काळ्या अंगावर नारंगी रेघा. पण बघतो असा, की घरमालक आपणच. तो एकटा पडतो म्हणून तिच्या बापानं मागं हौसेनं गप्पी मासे आणून सोडले होते. ते रोज थोडेथोडे कमी व्हायला लागले, तेव्हा हा भला माणूस टाकीला कुठं भोक पडलंय का ते बघत बसला. शेवटी पोरीनं त्याला ऑस्करचं फुगलेलं पोट दाखवलं. तर ह्या ऑस्करला नीट सोबत निवडायची होती, आणि पोरीनं बापाला बाजूला सारून मला निरोप धाडला, की मासे निवडायला त्यांनी यावं. परीक्षा होती, मावशी. तेवढं मलाही कळलं.

गंजगोलाईजवळच्या गल्लीतल्या दुकानात आम्ही दोघी गेलो. मी आपली आधी चमकणाऱ्या इवल्याशा लाल-निळ्या माशांपुढं जाऊन उभी राहिले. पोरगी म्हणाली, "हे त्याच्या तोंडात मावतेत. आज न्हाई तर उद्या खाईल." मग मी मोठासा गोल्डफिश दाखवला. "लई संथ हाय. ह्याचे पंख कुरतडून टाकील तो. आन् ह्याला पाणी बी थंड लागतं." दुकानदारानं तेवढ्यात कपाळावर टेंगूळ असलेला एक फ्लॉवरहॉर्न पुढं केला. "हा घेऊन जा ना ताई, तुमच्या ऑस्करला तोडीस तोड." पोरगी त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "काका, एका टाकीत दोन दादा झाले का एकजण मरतो." दुकानदार हिरमुसला आणि मला हसू दाबावं लागलं. कोपऱ्यातल्या टाकीत सिल्व्हर डॉलर होते, ताटलीसारखे चपटे आणि उंच, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी भीतभीत विचारलं, "हे चालतील का? चपळ दिसतात. तोंडात पण मावायचे नाहीत." तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "एकटा न्यायचा न्हाई. एकटा असला का भिऊन राहतो. चार-पाच घेऊ." 'घेऊ' म्हणाली, मावशी, 'घ्या' नाही. शिवाय काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकरही घेतला, ऑस्करहून मोठा बघून.

घरी येऊन आम्ही पिशव्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून. मी पिशवीचं रबर सोडायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. "आधी दगडं हलवायची."

"का गं?"

"तो त्या गुहेला आपलं घर समजून राहिला. नवे सोडले का मारील त्यांना. समदं हलवलं का त्याला वाटतं, आपुन बी आजच आलो."

मग आम्ही दोघींनी बाह्या वर सारल्या आणि टाकीत हात घातले. गुहा इकडची तिकडे केली, झाडं उपटून दुसरीकडं रोवली. ऑस्कर तळाशी आडवा होऊन रुसून बसला. आणि कोपरापर्यंत पाण्यात हात असताना, मावशी, तू आठवलीस.

एप्रिल होता, भीमजयंतीच्या आधीचे दिवस. अख्ख्या वस्तीत घरं रंगवणं चाललं होतं. तू येऊन आठवडाही झाला नव्हता. मी शाळेतून येते तर घर ओळखू येत नाही. भिंतींना निळा रंग, बाज खिडकीखाली, माठ दाराजवळ, आणि भांड्यांची मांडणी चक्क दुसऱ्या भिंतीला. माझी पेटीसुद्धा जागेवर नाही. मी रडून घर डोक्यावर घेते. तू चुन्यानं भरलेल्या हातांनी तिथंच खाली बसतेस आणि म्हणतेस, "हुडक की बाई. म्या बी सकाळधरनं तिखटाचा डबा हुडकून राहिले. आता आपुन दोघीबी नव्या." तो डबा सापडलाच नाही. त्या दिवशी आपण तिघांनी फिक्कं वरण खाल्लं, आणि बाबा एक शब्द न बोलता खात होते ते बघून तू तोंडाला पदर लावून हसलीस, मग मलाही हसू फुटलं. इतकी वर्षं मी समजत होते की तू आईचं घर पुसून टाकलंस. तू स्वतःला जेवढी जागा केलीस तेवढीच मला केलीस, हे आत्ता कळतंय. फार आठवण येते तुझी.

मासे सोडले. ऑस्कर एकदा धावून गेला, डॉलर झपकन पांगले, आणि मग त्याचं त्यालाच कळेना की राखायचा कोपरा कुठला. दाणे टाकले तेव्हा सगळेच वर आले. पोरीनं ओले हात फ्रॉकला पुसत, टाकीकडंच बघत विचारलं, "तुम्ही इथं राहायला आल्यावर मी तुम्हाला काय म्हणू?" असा आला तिचा होकार. ह्याच घडीची मी वाट बघत होते, आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मावशी म्हण." "हाव," ती म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. मला मात्र कसंसंच झालं. मला दुसरा शब्द हवा होता. मागायची हिंमत नव्हती, मागू नये हेही कळत होतं, तरी हवा होता. हे मी तिच्या बापालाही सांगितलेलं नाही. तुला आणलं त्या दिवशी क्वार्टरच्या दारात बाबा मला म्हणाले होते, "हिला आई म्हण." मी म्हणाले, "मावशी म्हणीन." तू लगेच म्हणालीस, "म्हणू द्या की." तो आवाज अजून कानात आहे. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी सारखी आठवून बघते. आठवत नाही. मी तुझ्याकडं बघितलंच नव्हतं.